दाराआडचे तीन तास

मनुष्य मनुष्याच्या जवळ असतो म्हणजे नेमके काय घडते? देह एका जागी आले की सान्निध्य घडले असे मानावे काय, आणि देह एका जागी नसतील तर ते घडलेच नाही असे म्हणावे काय? तत्त्वचिंतकांनी हा प्रश्न पुष्कळ घोळवला आहे, आणि संसारी माणसाने तो त्यांच्यावरच सोपवून आपला दिवस काढला आहे. आता मात्र तो टाळता येण्याजोगा राहिलेला नाही. आमच्या धर्मग्रामांतील ज्या कुटुंबांची मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी अमेरिकेत गेली आहेत, त्यांच्या बोलण्यात गेल्या काही वर्षांत एक लांबलचक नाव अधूनमधून येऊ लागले आहे: व्हर्च्युअल इंटेन्सिव्ह आउटपेशंट प्रोग्राम. ते उच्चारताना आवाज खाली जातो, कारण हा मनाच्या आजारावरचा उपचार आहे. ऐकणाराही गोंधळतो. "म्हणजे ती इस्पितळात आहे का?" नाही. "मग आता बरी आहे?" तसेही नाही. ती आपल्या खोलीत आहे, दार लावून घेतले आहे, आणि उपचार चालू आहे.

या उपचाराची जागा समजण्यासाठी जिन्याची कल्पना करावी. सर्वांत खालच्या पायरीवर आठवड्यातून एकदा तासभर समुपदेशकाला भेटणारा रुग्ण असतो. सर्वांत वरच्या पायरीवर, ज्याला रात्रंदिवस रुग्णालयात ठेवणे भाग आहे असा. मधल्या पायऱ्या अमेरिकेत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रुळल्या. त्यांतील वरच्या पायरीवर रुग्ण दिवसा रुग्णालयात येतो आणि रात्री घरी जातो. आठवड्याला सुमारे वीस तास वा अधिक. तिच्या खालची पायरी म्हणजे हा सघन बाह्यरुग्ण उपचार. आठवड्याला किमान नऊ तास, बहुधा तीन दिवस रोज तीन तास, आणि असे काही आठवडे, कधी दोन-तीन महिने. त्यात आठ-दहा जणांनी गटाने बसून बोलणे असते, राग, भय व निराशा यांच्या लाटा कशा ओळखाव्यात व कशा तरून जाव्यात याचे शिक्षण असते, समुपदेशकाशी एकट्याने बोलणे असते, औषधांसाठी मनोविकारतज्ज्ञाची भेट असते आणि मधून कुटुंबीयांसह बैठक असते. ही पायरी आता इतकी मान्य झाली आहे की मेडिकेअर या अमेरिकेच्या सरकारी विमायोजनेने १ जानेवारी २०२४ पासून तिचा खर्च उचलण्यास आरंभ केला. तिच्याही नियमात आठवड्याला किमान नऊ तासांची गरज वैद्याने प्रमाणित करावी अशी अट आहे.

मार्च २०२० मध्ये साथीमुळे दारे बंद झाली. शस्त्रक्रिया पुढे ढकलता येते. निराशेच्या गर्तेच्या काठावर उभ्या असलेल्या माणसाला "तीन महिन्यांनी या" असे सांगता येत नाही. म्हणून जे गट एका खोलीत गोल खुर्च्या मांडून बसत, ते थोड्याच काळात संगणकाच्या पडद्यावर छोट्या छोट्या चौकोनांत बसू लागले. सरकारने नियम सैल केले. साथ ओसरली, चौकोन मात्र राहिले. पुढे केवळ पडद्यावरूनच हा उपचार देणाऱ्या खासगी कंपन्याही उभ्या राहिल्या. जेथे खाटांचा खर्च नाही, तेथे भांडवल धावत येणारच. ज्या रुग्णाला खरोखर खाटेची गरज आहे त्यालाही पडद्यापुढेच बसवून ठेवण्याचा मोह अशा व्यवस्थेत जन्माला येऊ शकतो, आणि त्यावर डोळा ठेवणारा कोणी तरी असला पाहिजे, एवढे येथे नोंदवून आम्ही मूळ प्रश्नाकडे वळतो.

कॅथलिक माणसाच्या मनात प्रथम जो आक्षेप उभा राहतो, तो त्याच्या धर्मजीवनातूनच येतो. पापनिवेदन टेलिफोनवरून होत नाही, हे आपल्याकडील लहान मुलालाही ठाऊक असते. इंटरनेटवर संस्कार नसतात, हे पोपपीठाच्या समाजसंपर्कविषयक मंडळाने २००२ सालीच स्पष्ट केले होते. साथीच्या दिवसांत आपण सर्वांनी पडद्यावर मिस्सा पाहिली. पण १७ एप्रिल २०२० रोजीच्या आपल्या प्रवचनात पोप फ्रान्सिस यांनी सावधही केले, की लोकांवाचून, भाकरीवाचून चाललेली ही जवळीक म्हणजे ख्रिस्तसभा नव्हे. ही अडचणीच्या काळापुरती सोय आहे. मग आत्म्याच्या जखमेला जर समोरचा देह लागतो, तर मनाच्या जखमेला तो लागत नाही असे कसे म्हणावे?

आक्षेप वजनदार आहे, परंतु त्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. संस्काराचे फळ धर्मगुरूच्या बोलण्याच्या कौशल्यावर अवलंबून नसते. अडखळत बोलणाऱ्या, थकलेल्या, क्वचित रागीट धर्मगुरूकडूनही क्षमा तितकीच पूर्ण मिळते. तेथे देहाची उपस्थिती ही संस्काराच्या स्वरूपाचा भाग आहे. समुपदेशनाचे तसे नाही. त्याचे फळ ऐकण्यावर, समजण्यावर, योग्य वेळी योग्य शब्द सुचण्यावर आणि रुग्णाने तो शब्द घरी नेऊन पुन्हा पुन्हा आचरण्यावर अवलंबून आहे. शब्द दुरून येऊ शकतो, लक्षही दुरून येऊ शकते. ते कितपत येते, एवढाच प्रश्न उरतो. आणि त्याचे उत्तर तत्त्वज्ञानापेक्षा अनुभवावर अधिक ठरते.

तरीही एका तत्त्वज्ञाची येथे आठवण होते. गाब्रिएल मार्सेल (१८८९-१९७३) हा फ्रेंच विचारवंत पहिल्या महायुद्धाच्या काळात रेड क्रॉसच्या कचेरीत काम करीत होता. युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांची चौकशी करण्यासाठी त्यांचे आप्त तेथे येत. प्रत्येक सैनिकाचे एक कार्ड असे: नाव, पलटण, शेवटचा ठावठिकाणा. कार्डे नियमाप्रमाणे भरायची आणि कपाटात लावायची, एवढेच काम होते. पण समोर बसलेल्या माणसाच्या तोंडाकडे पाहिल्यावर कार्डाचे कार्डपण टिकत नाही, हा अनुभव त्याच्या पुढील चिंतनाचे बीज ठरला. सान्निध्याविषयी त्याचा विचार असा आहे: एखादा माणूस आपल्याच खोलीत, हाताच्या अंतरावर बसलेला असूनही आपल्यापाशी नसतो, आणि हजारो मैल दूर असलेले आपले माणूस त्याच क्षणी आपल्यापाशी असू शकते. जवळ असणे म्हणजे दुसऱ्यासाठी उपलब्ध असणे, आपली दारे त्याच्यासाठी उघडी ठेवणे. मार्सेल यांनी हे लिहिले तेव्हा पडद्यावरील चौकोन नव्हते. तरी त्यांचे म्हणणे या चौकोनांना दोन्ही बाजूंनी लागू पडते. चौकोनातला माणूस कार्डही होऊ शकतो, आणि माणूसही राहू शकतो.

या उपचारांत जी पद्धती पुष्कळ ठिकाणी वापरली जाते, तिच्या जनकाची हकिगत येथे सांगण्याजोगी आहे. मार्शा लिनेहन ही ओक्लाहोमा राज्यातील टल्सा शहरातील एका कॅथलिक घरातली मुलगी. १९६१ साली, वयाच्या सतराव्या वर्षी, ती कनेटिकट राज्यातील हार्टफोर्ड येथील मनोरुग्णालयात दाखल झाली आणि सव्वीस महिने तेथे राहिली. ती स्वतःला इजा करीत असे, म्हणून तिला एकान्तकोठडीत ठेवीत. खाट, खुर्ची आणि गजांची बारीक खिडकी, एवढेच त्या कोठडीत होते. तिला कोठडीत टाकणारे लोक दुष्ट नव्हते. तिचे करावे तरी काय, हे त्यांना कळत नव्हते. बाहेर आल्यावर काही वर्षांनी, १९६७ मध्ये, शिकागोतील एका प्रार्थनालयात गुडघे टेकलेली असताना तिला आपण प्रिय आहोत असा अनुभव आला, आणि तेथून तिचे जीवन वळले. पुढे सिअॅटलच्या विद्यापीठात प्राध्यापक झालेल्या लिनेहनबाईंनी, जगणे नकोसे झालेल्या माणसांसाठी जी उपचारपद्धती रचली आणि १९९३ साली ग्रंथरूपाने मांडली, ती डायलेक्टिकल बिहेवियर थेरपी म्हणून ओळखली जाते. आपण स्वतःच अशा रुग्ण होतो, हे त्यांनी जून २०११ मध्ये जाहीरपणे सांगितले, आणि सांगण्यासाठी जागा निवडली तेच हार्टफोर्डचे रुग्णालय.

आम्हांला या हकिगतीत एक तपशील विशेष महत्त्वाचा वाटतो. लिनेहनबाईंच्या पद्धतीला चार अंगे आहेत: समुपदेशकाची साप्ताहिक भेट, कौशल्यांचा गट, समुपदेशकांनी एकमेकांना सावरण्यासाठी घेतलेली बैठक, आणि टेलिफोन. संकटाची लाट येते ती गुरुवारी अकरा वाजता दवाखान्यात येत नाही. ती रविवारी रात्री स्वयंपाकघरात येते. अशा वेळी रुग्णाने स्वतःला इजा करण्यापूर्वी फोन करावा, आणि समुपदेशकाने लांबलचक बोलणे न करता शिकवलेल्या गोष्टींपैकी आता कोणती करायची तेवढे सांगावे, असा रिवाज त्यांनी घालून दिला. चेहरा बर्फाच्या पाण्यात बुडव. श्वास सोडताना मनात आकडे मोज. अमुक मिनिटांनी पुन्हा फोन कर. म्हणजे पडद्याच्या पुष्कळ आधीच या विद्येने ओळखले होते की उपचार जेथे शिकवला जातो आणि जेथे लागतो, त्या दोन जागा वेगळ्या आहेत. रुग्णालयाच्या शांत खोलीत संयम शिकणे हे काठावर उभे राहून पोहणे शिकण्यासारखे आहे. घरून घेतलेला उपचार पाण्यातच दिला जातो. ज्या भिंतींत भांडण झाले, ज्या खाटेवर झोप येत नाही, ज्या ताटाकडे पाहून मळमळते, तेथेच बसून मनुष्य शिकतो. रुग्णालयापासून शेकडो मैल दूर मोंटानासारख्या विरळ वस्तीच्या राज्यात राहणाऱ्याला, तान्हे मूल सोडून जाता न येणाऱ्या आईला, चाकाच्या खुर्चीवरील माणसाला तर दुसरा मार्गच बहुधा नसतो.

हानीही तितकीच खरी आहे. समुपदेशकाला चौकोनात माणूस खांद्यापर्यंत दिसतो. थरथरणारे गुडघे चौकटीखाली राहतात. दारूचा वास तारेतून येत नाही. पूर्वी गट सुटल्यावर दोघे-तिघे जिन्यात रेंगाळत, कोणी कोणाला गाडीपर्यंत सोडी, आणि खोलीत जे बोलवले नाही ते तेथे बोलले जाई. पडद्यावर गट सुटतो म्हणजे चौकोन विझतात, आणि नुकताच आपले अंतःकरण उघडे करून बसलेला माणूस एका क्षणात एकटा उरतो. शिवाय सतत स्वतःचा चेहरा समोर दिसत राहणे हा एक निराळाच शीण आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे जेरेमी बेलेन्सन यांनी २०२१ साली या शिणाची कारणे मांडली, त्यांत हे एक होते. आधीच ज्याला स्वतःचे तोंड पाहवत नाही, त्याला तीन तास आरसा समोर धरून बसवणे हे क्रूरपणाचेच होय. सुदैवाने तो चौकोन झाकता येतो.

मात्र सर्वांत बोलका असा या उपचाराचा एक नियम आहे, आणि तो कागदपत्रातील किरकोळ बाब वाटावी असा आहे. बैठकीच्या आरंभी रुग्णाला विचारतात, आज तुम्ही कोठे आहात? नेहमीच्या घरी की अन्यत्र? पत्ता काय? आणि गरज पडली तर तुमच्याजवळच्या कोणाला फोन करावा? कारण उघड आहे. तीनशे मैलांवर बसलेल्या समुपदेशकाला जर कळले की पलीकडील मनुष्य या क्षणी धोक्यात आहे, तर तो उठून त्याचा हात धरू शकत नाही. त्याला कोणाला तरी पाठवावे लागते, आणि पाठवायचे तर दार कोठले ते ठाऊक हवे. म्हणजे देहावाचून चालते असा दावा ही विद्या स्वतःच करीत नाही. जवळच्या कोणा देहधारी माणसावर तिची सारी भिस्त आहे, आणि ती त्याचा नंबर प्रथमच मागून ठेवते.

येथे प्रश्न डॉक्टरांकडून निघून कुटुंबाकडे येतो. जुन्या व्यवस्थेत ऐकणारा आणि जवळ असणारा एकच असे. धर्मगुरू ऐके आणि जवळही असे. रुग्णालयातील परिचारिका औषध देई, ऐके आणि दारावर नजरही ठेवी. पडद्याने या एका कामाचे दोन तुकडे केले आहेत. जो ऐकतो तो जवळ नाही, आणि जो जवळ आहे त्याने ऐकायचे नाही. दुसरी भूमिका आई-वडिलांच्या, पतीच्या, पत्नीच्या, भावंडांच्या वाट्याला आली आहे, आणि ती पहिलीइतकीच कठीण आहे, असे आमचे मत आहे.

तिच्यातील काही कामे अगदी साधी आहेत. औषधाच्या गोळ्या कपाटात कुलूपबंद ठेवणे आणि रोजच्या रोज मोजून देणे; अमेरिकेत ज्या घरी बंदूक असेल त्या घरातून ती हलवणे; आपल्याकडे वाडीतल्या घरात कीटकनाशकाची बाटली कोठे आहे ते पाहणे. ताट वाढून ठेवणे. ठरल्या वेळी दुसऱ्या कोणी संगणक मागणार नाही असे पाहणे. ही कामे माणसे करतात, आणि मनापासून करतात. कठीण जाते ते दार. गटात बसणाऱ्याने खोलीत एकटे असावे, कानांत यंत्र लावावे, कोणी मध्ये येऊ नये, असा नियम असतो. कारण चौकोनांतील इतर सात-आठ जणांची गुपितेही त्या खोलीत येत असतात. पण दाराबाहेर उभ्या असलेल्या आईला ठाऊक असते की आत आपल्याविषयी बोलणे चालू आहे. कदाचित तक्रार चालू आहे. दाराला कान लावावा असे वाटणे मुळीच अस्वाभाविक नाही. आईच्या प्रेमातूनच ते येते, आणि म्हणूनच त्याला आवर घालणे अवघड होते.

या ठिकाणी "आईबापांपासून काय लपवायचे?" हा प्रश्न आपल्या घरांत हमखास विचारला जातो. आमचे उत्तर असे की पुष्कळ काही लपवायचे असते, आणि ते लपवण्याची मुभा असेल तरच एखादे दिवशी ते आपण होऊन सांगितले जाते. पापनिवेदनाच्या गुप्ततेचा अर्थ आपल्याला समजतो, मुलगा पापनिवेदनाला जाऊन आला म्हणजे "काय सांगितलेस?" असे कोणती आई विचारीत नाही. तीच मर्यादा येथे पाळायची आहे. भारतातील मानसिक आरोग्य सेवा कायदा, जो २०१७ साली संमत होऊन २९ मे २०१८ पासून अमलात आला, त्यानेही रुग्णाचा गुप्ततेचा हक्क मान्य केलेला आहे. मूल अल्पवयीन असेल तर गोष्ट थोडी निराळी. तेथे पालकांना उपचारात सामील करून घेतात, आणि जिवाला धोका दिसला तर समुपदेशक गप्प राहत नाही. त्याची वाच्यता तो पहिल्याच दिवशी करून ठेवतो.

ऐकू न जाता जवळ राहणे माणसांना जमते काय? जमल्याचा एक मोठा दाखला युरोपात आहे. बेल्जियममधील गेल हे गाव. मनोरुग्णांची आश्रयदात्री मानल्या गेलेल्या संत डिम्फ्ना हिची समाधी तेथे असल्याच्या श्रद्धेने मध्ययुगापासून रुग्णांना तेथे आणीत. चर्चला लागून रुग्णांसाठी खोली होती. नऊ दिवसांची प्रार्थना तेथे चाले. खोली अपुरी पडू लागली तेव्हा गावकऱ्यांनी रुग्णांना आपल्या घरी ठेवून घेण्यास आरंभ केला, आणि नऊ दिवसांसाठी आलेले कित्येक जण जन्मभर राहिले. १८५० साली सरकारने या व्यवस्थेचा कारभार आपल्याकडे घेतला. १९३० नंतरच्या दशकात असे जवळजवळ चार हजार पाहुणे त्या लहानशा गावातील घरांत राहत होते. आज ती संख्या फार घटली आहे, पण प्रथा संपलेली नाही. गेलचे लोक त्यांना रुग्ण म्हणत नाहीत. जेवूनखाऊन राहणारा, असा अर्थ असलेला साधा शब्द वापरतात. ते गाय हाकीत, मुले सांभाळीत, टेबलापाशी बसून बटाटे सोलीत. उपचार करणे हे यजमान कुटुंबाचे काम नव्हते, आणि कुटुंबाने तसा आवही आणला नाही. रोगाची चिकित्सा दुसरा कोणी करील; आपण ताट वाढायचे. आमच्या मते घरून उपचार घेणाऱ्याच्या कुटुंबाला याहून चांगला आदर्श शोधून सापडणार नाही.

अर्थात येथे आपण घर चांगले आहे असे गृहीत धरले. घरच जखमेचे कारण असेल तर? मारहाण करणारा नवरा दाराबाहेर उभा असेल, मुलीच्या भयाचे कारण जेवणाच्या टेबलापाशीच बसलेले असेल, तर तिची खोली म्हणजे सापळा होतो. जाणते समुपदेशक यासाठी हो-नाही एवढ्यानेच उत्तर देता येईल असे प्रश्न विचारतात, आधीच एखादा खुणेचा शब्द ठरवून ठेवतात. हे उपाय आहेत, पण ते अपुरे आहेत. अशा माणसाला पडद्याची नव्हे, दुसऱ्या छपराची गरज असते. ज्याला आवाज ऐकू येतात व वास्तवाचे भान सुटले आहे, अथवा ज्याच्या हातून आज रात्रीच अनर्थ होण्याचा संभव आहे, त्याचेही तसेच. त्याला रुग्णालयातच न्यावे. घरी राहून भागते म्हणून सर्वांचेच भागवावे, हा विचार आम्हांला स्वस्तातला वाटतो.

आणि ज्या घराला दारच नाही, त्याचे काय? मुंबईतील चाळीच्या एका खोलीत सहा माणसे राहतात, तेथे आठवड्याला नऊ तासांचा एकान्त ही चैनीची वस्तू आहे. अमेरिकेतील व्यवस्थेने स्वतंत्र खोली, बंद होणारे दार आणि न तुटणारे इंटरनेट मूकपणे गृहीत धरले आहे. आपल्याकडे अशा सघन उपचाराच्या फार आधीच्या पायरीवर बहुसंख्य लोक अडलेले आहेत. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने बारा राज्यांत केलेल्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मनोविकारांसाठी उपचारापासून वंचित राहिलेल्यांचे प्रमाण शेकडा ७० ते ९२ इतके आढळले. १० ऑक्टोबर २०२२ रोजी केंद्र सरकारने टेलिमानस ही सेवा सुरू केली. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतूनही बोलता येते. तो सघन उपचार नव्हे, पहिली हाक ऐकणारा कान आहे; पण त्या हाकेलाही आडोसा लागतो. वसईच्या वाडीत राहणारी एखादी स्त्री विहिरीच्या कडेला जाऊन बोलू शकेल. चाळीतली कोठे जाईल? धर्मग्रामाच्या आवारात धर्मशिक्षणाच्या खोल्या आठवड्यातील पाच दिवस दुपारी रिकाम्या असतात. त्यांपैकी एका खोलीला आतून कडी, एक पंखा आणि "कोणासाठी?" असे न विचारणारा किल्लीधारक मिळाला, तर खर्च काहीच नाही. हे धर्मग्राम मंडळाच्या बैठकीत बोलण्यासारखे आहे.

परदेशी असलेल्या मुलांच्या आईवडिलांविषयी दोन शब्द लिहिणे अगत्याचे आहे, कारण त्यांच्याकडे दारसुद्धा नाही. "तिकडे एकटी कशाला राहतेस, इकडे ये, पडदा तर इकडूनही दिसेल," असे आई फोनवर सांगते. ते तसे नसते. अमेरिकेत समुपदेशकाचा परवाना राज्याराज्याचा असतो, आणि रुग्ण ज्या राज्यात बसला आहे तेथे उपचार करण्याचा अधिकार समुपदेशकापाशी असावा लागतो. काही व्यवसायांसाठी पुष्कळ राज्यांनी आपापसांत करार केले आहेत, पण त्यांची हद्द समुद्रापलीकडे येत नाही. न्यू जर्सीतील मुलगी वसईच्या घरी आली तर बहुधा तिचा गट सुटतो, आणि अर्ध्यावर सुटलेला गट पुन्हा लवकर मिळत नाही. विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी हे विचारून घ्यावे. तिची तेथे कोणी मैत्रीण आहे काय, खोलीत सोबत राहणारी कोण आहे, पत्त्याच्या रकान्यात तिने कोणाचा फोन दिला आहे, हे मात्र जरूर विचारावे; त्या मैत्रिणीशी एकदा बोलून तिचे आभार मानावेत.

नोकरी वा शिक्षण सांभाळून उपचार घेणाऱ्यांचे गट पुष्कळदा संध्याकाळी भरतात. हिवाळ्यात तेथे संध्याकाळी सहाला गट सुरू झाला तर येथे पहाटेचे साडेचार वाजलेले असतात. आई सकाळच्या मिस्सेसाठी उठते, चूल पेटवते, मिस्सा आटोपून परत येते, तेव्हा कोठे साडेसातला तिकडचे चौकोन विझतात. त्या घटकेला मुलगी अतिशय दमलेली असते. तेव्हा फोन करावा, पण आज काय झाले ते विचारू नये. जेवलीस का, तिकडे बर्फ पडले का, कपाटाच्या वरच्या खणात ठेवलेली गोधडी काढलीस का, एवढे विचारावे. आणि ती काही बोलली नाही तर फोन तसाच चालू ठेवून आपली भाजी निवडीत बसावे.